ज्वारीच्या पातीतलं व्हायोलिन

बाबांची पाठ गेली त्या वर्षी आमच्या घरातून आधी शेळी गेली आणि मग रेडिओ गेला. बाबा मुदखेडच्या स्टेशनवर मालधक्क्याला हमाल होते. एके दिवशी पोतं पाठीवर घेताना आत काहीतरी सरकलं आणि ते जे बसले, ते बसलेच. शेत आमच्याकडं कधीच नव्हतं, त्यामुळं विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेळी दवाखान्यात गेली आणि रेडिओ औषधात. माय तोवर अधूनमधून रानात जायची. त्या सुगीपासून ती ज्वारी काढणाऱ्या बायकांच्या टोळीत कायमची लागली.

रेडिओचा कोनाडा रिकामा झाला. मायनं तिथं रॉकेलची चिमणी ठेवली. दोन-चार संध्याकाळी घर असं गप होतं की भाकरी थापल्याचाही आवाज मोठा वाटायचा. मग एका संध्याकाळी थापता थापता माय गायला लागली. रेडिओवरचंच गाणं. मुखडा संपला, पण ती थांबली नाही. मुखड्यानंतर रेडिओत जे व्हायोलिन वाजायचं तेही तिनं नाकातून वाजवलं. मग बासरी आली, ती ओठ काढून. तबला भाकरीवर होताच. ते सगळं झाल्यावर मगच तिनं अंतरा उचलला. अंथरुणावर पडल्या पडल्या बाबा म्हणाले, "आगं, रेडिओ इकला न्हाई की काय तू?"

मी तेव्हा लहान होते. गाणं असंच असतं, असं मी समजून चालले.

आता माझं घर शिरूर अनंतपाळला आहे. फेब्रुवारी आला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी काढायला येते आणि त्याच दिवसांत कॉलेजांच्या प्रात्यक्षिक परीक्षा लागतात. एका बाजूला पोरी वह्या छातीशी धरून एसटीची वाट बघत असतात, दुसऱ्या बाजूला बायका आपापली पात, म्हणजे ज्वारीची ओळ, धरून वाकलेल्या असतात. हे दोन्ही एकदम दिसलं की मी अजून गाडी हळू करते. परवा गाडी थांबवून मी बांधाला उभी राहिले. बांधावर कुणाचा तरी मोबाइल वाजत होता, त्यात एक जुनं गाणं. पातीतल्या बायका गात नव्हत्या. त्यांना गरज नव्हती, गाणारी तिथं होती. मला उगाच वाटलं, आत्ता मुखडा संपेल आणि कुणीतरी व्हायोलिन धरेल. कुणी धरलं नाही. एक बाई मान वर करून म्हणाली, "काय पायजे, ताई?" मी म्हटलं, "काही नाही. गाणं ऐकून राहिले." ती म्हणाली, "मग ऐका की, कोण नको म्हनलंय?" आणि पुन्हा वाकली.

ज्या बायांनी ही गाणी गायली, त्यांची नावं आमच्या टोळीला माहीत नव्हती असं नाही. रेडिओवर सांगायचे. पण नाव सांगून होईपर्यंत चुलीवरचं काहीतरी उतू जायचं. म्हणून टोळीनं आपली नावं ठेवली होती. एक होती बारीक आवाजाची. एक नखऱ्याची. एक भरड आवाजाची. आणि एक पलीकडची.

बारीक आवाजाची पहाटेची. रानाकडं चालताना, ज्वारीच्या पानांवर दव असताना. सुईच्या नाकातून दोरा एका दमात जावा तसा तिचा आवाज. त्या वेळी कुणी कुणाशी बोलायचं नाही, माय पुढं चालत तिचं गाणं म्हणायची आणि बाकीच्या मागं. पण एकदा पात धरली की ती बंद. "तिचा दम लई लांब," सुंदराबाई म्हणायची. "तिच्यासंगं उपटायला गेलं की आपला दम मधीच सुटतो." सुंदराबाई टोळीतली सगळ्यांत फटकळ बाई. पात धरल्यावर नखऱ्याची यायची. तिच्या गाण्यात मध्येच झटका असतो, खांदा उडवल्यासारखा, आणि धाट उपटायला तो झटका नेमका कामाला यायचा. दुपारी सगळ्यांचे घसे कोरडे पडले की भरड आवाजाची. तिच्या आवाजात धूळ होती, ऊन होतं. "हिला बी तहान लागलीया," असं म्हणून बायका तिला आपल्यात घ्यायच्या.

पलीकडची म्हणजे तेलुगू. आमच्या घरी रेडिओ होता तेव्हा संध्याकाळी काटा जरा सरकला की तेलंगणातलं स्टेशन लागायचं आणि कुणीतरी बाई असं गायची की मायचा हात पिठातच थांबायचा. तिची चाल मायनं तशीच उचलली होती, बोल मात्र तोंडाला येतील तसे. सुंदराबाईचं माहेर सीमेवरच्या देगलूरकडं, म्हणून अर्थ तिला विचारायचा.

"काय म्हंती गं ती?"

"नवऱ्याला पाणी मागून राहिली."

"आन् कालच्या गाण्यात?"

"कालचं आजून दिलं न्हाई त्यानं."

सगळी पात हसायची. खरा अर्थ मला आजही माहीत नाही आणि मी शोधलाही नाही.

आणखी एक गाणारी होती, पण ती टोळीची नव्हती, ती खालाची, बाजारातल्या एका मुसलमान मावशीची. आमचा रेडिओ मुदखेडात ज्या दुरुस्तीच्या दुकानात विकला, ते खालाच्या घरचं. दुकान पुढं, घर मागं. बाजारच्या दिवशी माय भाजीचं फडकं हातात घेऊन त्या दुकानासमोर उभी राहायची आणि आमचाच रेडिओ ऐकायची. घेणारं कुणी मिळालं नव्हतं बहुतेक, तो फळीवर वाजत असायचा. खालानं ते बघितलं. एकदा पडद्याआडून म्हणाली, "कायकू धूप में खडी गे? अंदर आको बैठ." तेव्हापासून माय आत बसून ऐकायची. कानात प्राण आणून, ओठ हलवत, पुढच्या आठवड्यासाठी एखादं गाणं भरून घ्यायची, आणि वाद्यांचं मधलं सगळंही. खालाची आवडती बाई गजला गायची. मायला ती फारशी कळायची नाही. म्हणायची, "लई हळू गाती बाई ही." खाला गालातल्या गालात हसायची. "ये गाती नै गे. ये रूठती है."

ती रुसणारी बाई मला कळायला पुढं पंधरा-वीस वर्षं जावी लागली. आता कळते. एखाद्या ओळीपाशी येऊन ती अशी थांबते, की पुढचा शब्द द्यावा की न द्यावा याचा तिचा अजून विचार चाललाय असं वाटतं.

नांदेडला कॉलेजात गेले तेव्हा कॉलेजात जाणारी मी घरातली पहिलीच. बाबा म्हणाले, "विषय कोणता घ्यायलीस?" मी म्हटलं, मराठी, इतिहास आणि संगीत. ते म्हणाले, "संगीत तर घरीच हाय की. त्याला कॉलेज कशाला?" मायनं मात्र विचारलं, "त्याची परीक्षा असती का?" असते म्हटल्यावर ती खूश झाली. परीक्षा असलेली गोष्ट तिच्या दृष्टीनं खरी होती.

मी मुदखेडहून सकाळच्या गाडीनं जायचे. पहिली दोन वर्षं रागदारीत गेली. राग मी घोकून, घासून तयार केले. कॉलेजातल्या पोरी मोकळ्या तासाला वाद घालायच्या, सगळ्यांत मोठी गायिका कोण. अगदी भांडणं व्हायची, डबे उघडे राहायचे. मला विचारलं की मी म्हणायचे, "कुठल्या वेळेला?" त्यांना वाटायचं मी टाळतेय. मी टाळत नव्हते. पहाटे एक मोठी आणि दुपारी दुसरी, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, ते एका दमात सांगता येत नव्हतं इतकंच.

तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रमात सुगम संगीत आलं. प्रत्येकीनं एक लोकप्रिय गीत तयार करायचं, ते बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर म्हणायचं. सगळ्या पोरींनी बारीक आवाजाचीचीच गाणी घेतली. संगीताच्या मॅडमनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "तू तिच्या वाटेला जाऊ नकोस, तुझा गळा वेगळा आहे." मी भरड आवाजाचीचं एक गाणं घेतलं. दुपारचं. मायच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं.

पहिल्याच सरावाला मी घोटाळा केला. मुखडा चांगला झाला. मॅडमनी पेटीवर मधलं संगीत धरलं आणि मीही धरलं. नाकातून व्हायोलिन, अगदी मन लावून. पुढं बासरीचा तुकडा होता, ओठ काढून तोही वाजवला. तबल्यावरच्या मुलाचे हात थांबले. मागच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या.

"अगं, ते व्हायोलिन आहे!"

"हाव. मग?"

"ते म्हणतात का कुणी?"

"आमच्याकडं म्हणतात."

"आणि बासरी?"

"बासरी बी."

तिथं वाद्यं असतात हे मला माहीत नव्हतं, असं नाही. पण आमचा सरळ हिशोब होता: रेडिओतल्या बाईकडं वाद्यं आहेत म्हणून ती गप्प बसते, आपल्याकडं नाहीत म्हणून आपण म्हणायचं. रानात अर्धी पात व्हायोलिन धरायची, तेवढ्यात अर्धी पात दम खायची. गाणं तुटू द्यायचं नाही, कारण गाणं तुटलं की हात थांबतात.

मॅडमही हसल्या, पदरानं डोळे पुसले. "बाई गं, तू एकटी अख्खा वाद्यवृंद आहेस. पण परीक्षेत नको हं. तिथं पेटी वाजेल, तू गप्प राहायचं आणि अंतऱ्याला यायचं."

गप्प राहायचं आणि यायचं. ऐकायला सोपं. मी गप्प राहिले आणि मला येताच येईना. कधी लवकर आले, कधी उशिरा. अंतरा कधी उचलायचा हे मला आजवर त्या व्हायोलिनवरून कळत आलं होतं, माझ्या स्वतःच्या नाकातल्या. ते बंद केलं की पायाखालची पायरीच काढून घेतल्यासारखं व्हायचं. मॅडम म्हणाल्या मात्रा मोज. मात्रा मोजल्या की सूर जायचा, सुराकडं गेलं की मात्रा जायच्या. शेवटी त्या पेटी मिटून म्हणाल्या, "हे असंच राहिलं तर प्रात्यक्षिकात पास करणं अवघड आहे. आणि प्रात्यक्षिक गेलं की वर्ष गेलं."

वर्ष गेलं म्हणजे काय, ते मॅडमना माहीत नव्हतं. मायचे गुडघे त्या सुगीत पार कामातून गेले होते. ती सकाळी भिंतीला धरून उठायची. दिवाळीतच तिनं मला सांगून ठेवलं होतं, सरळ, न रागावता: "ह्या सुगीपस्तोर मी ओढते. तू बी.ए. झालीस तर झालीस. न्हाईतर पुढच्या सालाला माझी पात तू धर. घर तर चालाया पायजे." यात धमकी नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं.

रविवारी मी रानात गेले. ज्वारी वाळून खडखडीत झाली होती. मी मायच्या शेजारची पात धरली आणि न बोलता उपटायला लागले.

"तोंड कशानं उतरलंय?"

"माय, मला गप बसता येत न्हाई."

पलीकडच्या पातीतून सुंदराबाई ओरडली, "हे तुला आज कळलं व्हय?"

मी सगळं सांगितलं. व्हायोलिन, बासरी, हसलेल्या पोरी. बायकांना आधी त्यात चूक काय तेच कळेना. "न्हाई म्हनलं तर गाणं मोडंल की!" एकजण म्हणाली. मायनं कंबर सरळ केली, पदर खोचला. "म्हण बघू."

मी मुखडा म्हटला. तो संपतो न संपतो तोच अख्ख्या टोळीनं व्हायोलिन उचललं.

"आवं, गप बसा की!" माय म्हणाली. "पोरीच्या परीक्षेत गप बसायचं हाय. आपण बी बसू. तोंडं मिटा, हात चालू ठिवा."

मी पुन्हा मुखडा म्हटला आणि आमची टोळी गाण्याच्या मध्यात पहिल्यांदा गप्प झाली. आधी सुंदराबाई आली, भलतीच लवकर. मग कोपऱ्यातली एक आली, सगळं संपल्यावर. हसून हसून पाती मोडल्या. ज्याचं रान होतं तो बांधावरून ओरडला, "आज काय चाललंय गं?" सुंदराबाई म्हणाली, "परीक्षा चालू हाय, गडबड करू नगा!"

तिसऱ्या खेपेला मी गप्प बसले तेव्हा मला पातीचा आवाज ऐकू आला. धाट धरलं, उपटलं, मुळाची माती झटकली, आडवं ठेवलं. धरलं, उपटलं, झटकलं, ठेवलं. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्या बायकांचे हात एकाच चालीत होते, इतकी वर्षं एकाच गाण्यावर चाललेले हात. त्या आवाजात व्हायोलिन जसंच्या तसं होतं. कुणी म्हणत नव्हतं तरी होतं. शेवटचं धाट आडवं पडलं आणि मी अंतरा उचलला. माय त्याच क्षणाला माझ्यासोबत आली.

"आली!" सुंदराबाई म्हणाली.

पुढची ओळ गात मायनं पुढचं धाट धरलं.

परीक्षेच्या खोलीत गालिचा होता आणि खिडकीत पारवा. परीक्षक सर वयस्कर, कमी बोलणारे. राग झाला. मग ते म्हणाले, सुगम. मी भरड आवाजाचीला मनात नमस्कार केला आणि मुखडा घेतला. मुखडा संपला, पेटी सुरू झाली, मी तोंड मिटलं. मांडीवर ओढणीखाली माझ्या मुठी चालू होत्या. धरलं, उपटलं, झटकलं, ठेवलं. शेवटचं धाट आडवं केलं आणि आले. बरोबर आले. दुसऱ्या अंतऱ्यालाही आले.

गाणं झाल्यावर सरांनी चष्मा वर केला.

"गाणं थांबलं की तुमचे हात काय करत होते?"

खोटं सुचलं नाही. "ज्वारी काढत होते, सर."

मॅडमनी छताकडं बघितलं. तबल्यावरचा मुलगा खोकला. सरांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मग म्हणाले, "किती निघाली?"

"एक पेंढी झाली असंल, सर."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या मुलीला बोलवलं.

पुढं कानाला लावायचे ते हेडफोन माझ्याकडं आले, तेव्हा मी ही सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. आणि मला एक आवाज सापडला, जो रेडिओवर कधी ऐकू आला नव्हता. अंतरा सुरू होण्याच्या अगदी आधी, व्हायोलिनं उतरत असताना, ती बाई श्वास घेते. बारीक आवाजाचीचा श्वास लांब आणि शांत. नखऱ्याचीचा पटकन, हसू दाबल्यासारखा. भरड आवाजाची तर श्वास घेते तेव्हाच निम्मं गाणं सांगून टाकते. मुंबईतल्या कुठल्या तरी बंद खोलीत, समोर माइक, मागं ढीगभर वादक, आणि ही बाई तोंड मिटून उभी. ते पन्नास जण वाजवतायत आणि ती थांबलीय. सगळा वेळ तिला माहीत आहे आपण कुठं आहोत. मग ती येते, आणि इतक्या वाद्यांनी जे मिळून सांगितलं ते तिच्या पहिल्या शब्दापुढं बाजूला सरकतं. गळे पुष्कळ बायांना असतात, आमच्या टोळीतही होते. असं उभं राहणं आणि असं येणं मी या चार-पाच बायांकडंच ऐकलं. मुदखेड कुठं आहे हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नसेल. पण आमच्या रानातली कितीतरी ज्वारी त्यांनी काढलीय, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. त्यांच्यात सगळ्यांत मोठी कोण, असं अजून कुणी विचारलं तर मी अजूनही वेळ विचारते.

माय आता माझ्याकडं असते. बाबा गेले, तिचे गुडघे तसेच आहेत. मी तिला मोबाइलवर गाणी लावून देते, हेडफोन लावून ती ओट्यावर बसते. तिच्या कानात सगळं वाजत असतं, व्हायोलिनसकट. तरी ती व्हायोलिन म्हणते. मोठ्यांदा म्हणते, कारण स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही. मुखडा आला की गप्प बसते, अंतऱ्यालाही गप्प, मधलं तेवढं वाजवते. शेजारच्या पोरी खिडकीतून बघून हसतात. मी एकदा विचारलं, "माय, गाणं सोडून मधलंच कशाला म्हणतीस?"

तिनं एका कानातलं काढलं. "गाणं ती म्हंती की. मी तिला साथ करून राहिले."

परीक्षेच्या त्या वर्षी जूनमध्ये निकाल लागला. प्रात्यक्षिकात मी पास झाले आणि बी.ए. झाले, संगीत विषय घेऊन, आमच्या घरातली पहिली. त्याच वर्षी मला शाळेत संगीत शिकवायचं काम लागलं, आजही तेच करते. मायची पात मला धरावी लागली नाही, आणि त्या सुगीनंतर मायलाही नाही.